मराठी कादंबरींतील तारुण्य : स्नेह आणि प्रेम

तारुण्य निसर्ग सर्वांसच देतो. परंतु तें अनुभवण्यास लागणारीं चार-सहा वर्षें मात्र समाजानें द्यावीं लागतात. बाळपण संपलें आहे, संसार अजून सुरू झालेला नाहीं, अशा मधल्या काळांत माणूस आपले मित्र आपण निवडतो, आणि त्याच काळांत त्याचें मन प्रथम कोणावर तरी जडतें. तरुणांच्या स्नेहाच्या व प्रेमाच्या म्हणून ज्या कादंबऱ्या आपण ओळखतों, त्या या मधल्या काळाच्या कथा होत. त्यांच्याविषयीं वडील पिढीची तक्रार ठरलेली आहे, कीं त्या तरुणांस बिघडवितात. मराठी कादंबरीचा इतिहास पाहतां आम्हांस कार्यकारणभाव नेमका उलट दिसतो. हा मधला काळ समाजांत आधीं उत्पन्न झाला आणि कादंबरी मागून त्यांत शिरली. तो कसकसा उत्पन्न झाला आणि त्याचा वांटा कोणाच्या पदरीं किती पडला, हें येथें थोडक्यांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मराठींतील पहिली कादंबरी म्हणून गणली जाणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघाली. ती विधवांच्या दुःखाची कथा आहे. त्यानंतरच्या दशकांत 'मुक्तामाला' (१८६१) व 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कथा लोकप्रिय झाल्या. 'मंजुघोषे'त अनुराग आहे, विरह आहे, मीलनही आहे. पण तें सारें राजपुत्र-राजकन्यांच्या कल्पित राज्यांत घडतें. त्यास जुन्या आख्यायिकांची गोडी हें एक कारण खरें. तथापि दुसरें कारण वाचकाच्या स्वतःच्या घरांतच होतें. १८७३ सालीं रमाबाई रानडे यांचा विवाह झाला तेव्हां त्यांचें वय ११ वर्षांचें होतें व माधवराव एकतीस वर्षांचे होते. ही त्या काळच्या सुधारकांच्या अग्रणीची गोष्ट! ज्या मध्यमवर्गीय घरांत या कथा वाचल्या जात, त्या घरांत वयांत आलेली अविवाहित मुलगी सहसा दिसतच नसे. प्रेमकथेस नायिका तर हवी. तेव्हां ती राजवाड्यांतून उसनी आणण्यावांचून लेखकास गत्यंतर नव्हतें.

पुढें हा प्रश्न कादंबरीच्या आधीं न्यायालयांत उभा राहिला. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईंनीं पतीकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं त्यांच्यावर दावा झाला, आणि १८८७ सालीं पतीकडे जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करूं, असें त्यांनीं कळविलें. अखेर १८८८ सालीं तें प्रकरण तडजोडीनें मिटलें, आणि रखमाबाई पुढें विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. १८९१ च्या कायद्यानें संमतिवय दहावरून बारावर गेलें. त्या दोन वर्षांसाठीं महाराष्ट्रांत केवढें रण माजलें होतें, तें सर्वश्रुतच आहे.

याच गदारोळांत हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. तींत प्रेम विवाहानंतर येतें. यमूचा पति तिला लिहावयावाचावयास शिकवितो, आणि त्या शिकण्यांतूनच दोघांचा स्नेह वाढतो. पति हाच सखा, अशी ही रचना आहे. त्या पतीच्या मृत्यूबरोबर तिचें सर्वस्व जातें. परंतु आम्हांस येथें दुसऱ्या एका नात्याकडे लक्ष वेधावयाचें आहे. यमूची दुर्गी नांवाची बाळमैत्रीण आहे. दोघींचे संसार दोन दिशांस जातात आणि दुर्गीच्या वांट्यास वाईट नवरा येतो. तरी एकमेकींचें दुःख जाणणाऱ्या या दोन मुलींचा जिव्हाळा वाचकाच्या मनांत घर करून राहतो. मराठी सामाजिक कादंबरींत तरुण मनाची मैत्री अशी प्रेमविवाहाच्या पुष्कळ आधीं आलेली आहे. शिवाय ही सारी कथा आपट्यांनीं यमूच्याच तोंडून सांगविली, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचें कारण शेवटीं येईल.

मधला काळ वाढविण्याचें काम कायद्याहून शाळांनीं अधिक केलें. पुण्यांत १८८४ सालीं मुलींचें हायस्कूल निघालें, तेंच पुढें हुजूरपागेची शाळा म्हणून प्रसिद्ध झालें. १९०७ सालीं कर्व्यांनीं महिला विद्यालय काढलें व १९१६ सालीं महिला विद्यापीठ. शाळेंत जाणारी मुलगी म्हणजे लग्न लांबलेली मुलगी. वसतिगृहांत राहणारी मुलगी म्हणजे जिला नात्यागोत्याबाहेरच्या मैत्रिणी आहेत अशी मुलगी. वामन मल्हार जोशी यांच्या 'रागिणी'त (१९१५) रागिणी व उत्तरा या दोन मैत्रिणी स्त्रीपुरुषांच्या अधिकारांवर पुरुषांशीं वाद घालतात. आज ते वाद कोणास लांबलेले वाटतील. पण ज्या मुलीशीं वाद करतां येतो तिच्यावरच बरोबरीचें प्रेम करतां येतें, ही गोष्ट मराठी वाचकास प्रथम तेथें जाणवली असावी. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीचें विवाहवय किमान १४ व मुलाचें १८ ठरविलें, आणि तो १९३० च्या एप्रिलपासून अमलांत आला.

प्रा. ना. सी. फडके यांच्या 'जादूगार' (१९२८) व 'दौलत' (१९२९) या कादंबऱ्या याच सुमाराच्या, हा निव्वळ योगायोग नव्हे. त्यांतील तरुण-तरुणी सुशिक्षित आहेत, सुखवस्तु आहेत, आणि एकमेकांस भेटूं शकतात. खांडेकरांच्या 'उल्का' व 'दोन ध्रुव' (१९३४) या कादंबऱ्यांत त्याच तरुणांस ध्येयाची टोंचणी लागलेली दिसते. कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, हा वाद या दोघांच्या नांवें गाजला; पण त्यांच्या पुस्तकांस वाचक मिळाला तो एकच. तें वय ज्यास नुकतेंच लाभलें होतें आणि तें कसें घालवावें हें घरांत कोणी सांगूं शकत नव्हतें, असा तो तरुण वाचक होता.

परंतु या चित्राची दुसरी बाजू १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहानें दाखविली. लेखिका विभावरी शिरूरकर हें टोपणनांव होतें. खऱ्या लेखिका बाळूताई खरे, म्हणजे पुढील मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, मिळवत्या, पण अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनांत काय चालतें, तें त्यांनीं मोकळेपणें लिहिलें, आणि महाराष्ट्रांत खळबळ उडाली. या कथांवरून कळतें कीं, मुलीस मधला काळ मिळाला खरा, पण त्यावर सत्ता इतरांची राहिली. कोठें तिच्या मिळकतीवर घर चालतें म्हणून लग्न लांबतें, तर कोठें शिक्षणच लग्नाच्या आड येतें. फडक्यांच्या नायिकेस जो काळ सुखद वाटतो, तोच येथें निःश्वासांनीं भरलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर शिक्षण खेड्यापर्यंत पोंचलें आणि नायकही पालटला. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशांतील खेड्यांतून पुण्यास शिकावयास येतो. वसतिगृह, खानावळ, मित्रांच्या रात्र-रात्र चालणाऱ्या गप्पा हें सारें तेथें आहे. फडकेप्रणीत प्रेम मात्र नाहीं. सुहास शिरवळकर यांच्या 'दुनियादारी'नें (१९८२) कट्ट्यावरच्या मित्रांचा मेळा व प्रेम हीं दोन्ही एकत्र आणलीं. १९८२ सालची ही कथा २०१३ सालीं चित्रपट होऊन आली तेव्हांही तरुणांस ती आपलीच वाटली. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'मध्यें (२००४) हा काळ आणखी अलीकडे, नववीच्या वर्गांत, येतो. आणीबाणीचे दिवस आहेत. अर्धवट बांधलेल्या इमारतींत जमणारे चार मित्र आहेत, आणि मुकुंदाचें मन जिच्यावर जडलें आहे ती शिरोडकर आहे.

या तिन्ही पुस्तकांवर आमचा लोभ आहे. तरी तीं ओळीनें वाचतां एक गोष्ट नजरेंत भरते. तिन्हींच्या मध्यभागीं मुलगा आहे. शिरोडकरचें धैर्य आपणांस दिसतें, पण तें मुकुंदाच्या डोळ्यांनीं. प्रकरण उघड झाल्यावर तिच्या घरीं तिच्यावर काय गुदरलें असेल, त्याची आपण केवळ कल्पना करावयाची. स्त्रियांनीं लिहिलें नाहीं असें नव्हे. गौरी देशपांडे, सानिया यांनीं स्त्रीच्या प्रेमाविषयीं व मैत्रीविषयीं उत्तम लिहिलें आहे. पण त्यांच्या बहुतेक नायिका हें वय मागें टाकून आलेल्या आहेत.

१८९० सालीं यमूला तारुण्याचीं वर्षें मिळालीं नव्हतीं. तिला आपली कथा सांगण्याचा अधिकार मात्र एका पुरुष लेखकानें दिला. १९७८ पासून कायद्यानें मुलीचें विवाहवय १८ झालें, म्हणजे वर्षें मिळालीं. पण आमच्या सर्वांत आवडत्या तरुणकथांत बोलणारा मुलगा झाला. आणि कायदा कांहीं म्हणो, त्या वयाच्या आधींच बोहल्यावर उभ्या राहणाऱ्या मुली महाराष्ट्रांत आजही आहेत. तेव्हां या कथा तरुणांस बिघडवितात काय, हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. त्या मधल्या काळांतून गेलेली, किंवा तो जिच्या हातून काढून घेतला गेला अशी शिरोडकर स्वतः लिहावयास बसेल, तेव्हां यमू व दुर्गी यांनीं अर्धवट सोडलेली गोष्ट पुढें चालेल. त्या पुस्तकाची आम्ही वाट पाहत आहों.