खैरलांजीच्या निकालात जात कुठे हरवली?

खैरलांजी म्हटले की आपल्याला मोर्चे आठवतात, लाठीमार आठवतो, आपल्याच पोरांवर पडलेल्या केसेस आठवतात. निकाल मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी नीट वाचला. खुनाचा खटला सरकार पक्ष कसा उभा करतो आणि त्यातून जात कशी निसटते, हे तिथे उघड दिसते.

२९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात जमावाने सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन ही मुले यांना ठार मारले. भैयालाल तेवढे वाचले. लोक रस्त्यावर उतरल्यावर तपास सीबीआयकडे गेला. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम, आरोपी ११. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने ८ जणांना दोषी धरले. ६ जणांना फाशी, २ जणांना जन्मठेप. या बातमीखाली दुसरी झाकली गेली. ॲट्रॉसिटीचे आरोप सिद्ध झाले नाहीत. विनयभंग नाही. कटही नाही. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास दिला. जातीच्या मुद्द्यावर मात्र खालच्या न्यायालयाचेच मत कायम राहिले.

हे झाले कसे? सरकार पक्षाने हेतूची साखळी अशी जोडली : ३ सप्टेंबरला भोतमांगेंच्या नात्यातल्या एका पोलीस पाटलाला मारहाण झाली, सुरेखाबाई आणि प्रियंकाने मारणाऱ्यांना ओळखले, त्यांना अटक झाली, २९ तारखेला जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी हत्याकांड घडले. खुनासाठी ही साखळी भक्कम होती. पण तीच ॲट्रॉसिटीच्या मुळावर आली. कलम ३(२)(व्ही) मध्ये तेव्हा शब्द होते, पीडित अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला पाहिजे. न्यायालय म्हणाले, कारण साक्षीचा सूड आहे.

आता विचारा, एका बौद्ध बाईने पोलिसांपुढे नावे घेतली याचा राग इतका, की अख्खे घर संपवावे? त्याचे उत्तर शेताच्या आणि रस्त्याच्या जुन्या वादात होते, मुलांना शिकवणाऱ्या, न वाकणाऱ्या त्या बाईत होते. सत्यशोधन समित्यांनी ते लिहिलेही. पण समितीचा अहवाल म्हणजे साक्ष नव्हे. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'संरचना' म्हणून मोकळे होतो; पिंजऱ्यात उभे राहून 'मला जातीवरून अमुक बोलले' असे सांगायला जिवंत माणूस लागतो. चौघे गेले होते, आणि गाव आरोपींचे होते.

दुसरी गळती पहिल्या काही दिवसांतली. पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराच्या अंगाने तपासणीच झाली नाही. ओरड झाल्यावर मृतदेह उकरून पुन्हा तपासले. कालव्याच्या पाण्यात आणि मातीत राहिलेल्या देहातून तेव्हा काय मिळणार? तो पुरावा सीबीआय येण्याआधीच संपला होता. निकमांना शिव्या घालणे सोपे आहे, पण कोणताही वकील कागदावर नसलेले सिद्ध करू शकत नाही.

पुढे कायदा बदलला. २६ जानेवारी २०१६ पासून 'या कारणावरून'च्या जागी पीडिताची जात 'माहीत असताना' असे शब्द आले. कलम ८(क) नुसार आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे. उलट सिद्ध करणे आरोपीच्या माथी. खेड्यात कोण कोणाला ओळखत नाही? कलम १५(अ) ने साक्षीदारांच्या संरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये खर्ड्याच्या नितीन आगे खून खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि आरोपी सुटले.

म्हणून घटना घडली की निषेधाच्या पत्रकाआधी काही कामे करा. फिर्याद घेताना सोबत बसा, जातिवाचक शब्द उच्चारले गेले असतील तर जसेच्या तसे लिहून घ्या, जुन्या वादाच्या तक्रारींच्या पोचपावत्या जोडा. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारीच करतोय ना, ते पाहा. साक्षीदारांचे जबाब कलम १६४ खाली (आता नव्या संहितेत १८३) दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवायची मागणी लेखी द्या आणि त्या अर्जावर पोलीस ठाण्याचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.