नियंत्रण व कर : यंत्रांच्या जुगाराविषयी शासनाची दोन मने

समा विभागातील आमच्या धर्मशिक्षकांच्या बैठकीत मागे एक प्रश्न विचारला गेला. एका मराठी कुटुंबातील कमावता मुलगा मित्रांसह गोव्यास सहलीला गेला आणि परतला तो घराच्या कर्जाच्या दोन हप्त्यांची रक्कम घालवून. पत्ते नव्हेत, फासे नव्हेत. पंचतारांकित हॉटेलातील यंत्रापुढे बसून. त्याची आई धर्मशिक्षकास म्हणाली, "अहो, चोरून खेळला असता तर मी त्याला बोलले असते. पण तिथे सरकारचा परवाना भिंतीवर लावलेला होता म्हणतो. सरकारने परवानगी दिलेले ते पाप कसे?" या माउलीस काय उत्तर द्यावे, असे धर्मशिक्षकाने मला विचारले. मी त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. त्या परवान्याचा इतिहास पाहिल्यावाचून ते पुरे होणार नाही, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

जुगाराविषयी राज्यकर्त्यांची दोन मने आपल्या देशात फार जुनी आहेत. मनुस्मृती राजास सांगते की द्यूत राज्यातून हद्दपार करावे. कौटिल्याचे अर्थशास्त्र मात्र द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमते. खेळ एकाच ठिकाणी चालावा, फासे त्यानेच पुरवावेत, त्यांचे भाडे घ्यावे आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजकोशात जमा करावेत. कौटिल्याचा हेतू केवळ धनाचा नव्हता हे मान्य केले पाहिजे. गुप्तपणे वावरणारे चोर व हेर ओळखता यावेत हाही त्यात हेतू होता. तरीपण ज्याने फासे पुरवावयाचे त्यानेच खेळणाऱ्यावर नजर ठेवावयाची, ही अडचण तेव्हापासूनची आहे. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या घराची जी दैना वर्णिली आहे ती कौटिल्याच्या हिशेबात कोठेच येत नाही.

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यासाठी १८८७ साली जुगार प्रतिबंधक कायदा झाला. आजही महाराष्ट्रात तोच मूळ कायदा आहे, आणि गुजरातेतही त्याचेच गुजराती नाव धारण केलेले रूप चालते. वडोदरे व त्याच्या कडेचे समा ही गायकवाडांच्या राज्यातील गावे; १ मे १९४९ रोजी ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० नंतर गुजरातेत आले. म्हणजे पुण्याच्या आणि वडोदऱ्याच्या उपासकावर या बाबतीत एकाच जुन्या कायद्याची छाया आहे. या कायद्याची दृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे. जुगाराचा अड्डा चालविणारा जसा गुन्हेगार, तसाच तेथे खेळताना सापडलेला मनुष्यही गुन्हेगार. श्रावणात गुजरातेत जन्माष्टमीच्या सुमारास पोलिसांच्या ज्या धाडी पडतात त्यांत पकडली जाणारी माणसे बहुधा खेळणारीच असतात. (आपल्याकडे कार्तिकातील पाडव्यास द्यूतप्रतिपदा हे नाव आहे, त्यामुळे शेजाऱ्याला हसण्याचा अधिकार आपणांस नाही.)

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४८ साली मुंबई राज्याने सोडती व बक्षीस स्पर्धा यांविषयी कायदा केला, त्याच्या नावातच 'नियंत्रण व कर' हे शब्द होते. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालविणाऱ्या चमारबागवाला यांनी त्यास आव्हान दिले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हेच. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी त्या निकालपत्रात ऋग्वेद व महाभारत यांचा आधार घेतला होता. हा निर्णय नीतीच्या बाजूने पडला असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. परंतु त्याच राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'पैज व जुगार' हा विषय राज्यांकडे आहे आणि त्यावर कर बसविण्याचा अधिकारही २०१६ पर्यंत राज्यांकडेच होता. बंदी घालणारा हात आणि वसुली करणारा हात एकाच देहाचे. त्या देहाची भूक वाढेल तेव्हा काय होईल, हे घटना सांगत नाही.

आता यंत्राकडे वळू. खाचेत नाणे टाकून चालविण्याची, तीन चाके फिरविणारी यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत प्रसिद्धीस आली. आजच्या यंत्रात चाके केवळ चित्रातली. निकाल आत बसविलेली गणिती व्यवस्था ठरविते, आणि शंभर रुपयांपैकी किती परत द्यावयाचे हे प्रमाण आधीच निश्चित असते. समजा यंत्र शंभरातले नव्वद परत देते. ऐकावयास हे उदार वाटते. परंतु दर पाच सेकंदांस दहा रुपये लावणारा मनुष्य तासाभरात ७२० वेळा खेळतो, ७,२०० रुपये फिरवितो, आणि सरासरीने त्यातील ७२० रुपये गमावतो. आठवड्यास दहा रुपयांचे एक तिकीट घेणाऱ्याला एवढे गमावण्यास वर्षाहून अधिक काळ लागेल, आणि मधल्या दिवसांत त्याला विचार करण्यास वेळ मिळेल. यंत्राने हा मधला वेळ काढून टाकला. शिवाय समोर दुसरा माणूस नाही, त्यामुळे लाजही नाही. थोडक्यात हुकल्याचा भास वरचेवर होतो आणि खेळणारा स्वतःस हरलेला समजत नाही, जिंकता जिंकता राहिलेला समजतो. जुन्या फासेबाजाला निदान प्रतिस्पर्ध्याचा चेहरा दिसत असे.

गोव्याची कथा येथून सुरू होते. गोवा, दमण व दीव यांच्यासाठी १९७६ साली जुगारबंदीचा कायदा झाला होता. १९८७ साली गोवा स्वतंत्र राज्य झाले, आणि १९९२ साली त्या कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक जुगारयंत्रे ठेवण्यास परवानगी देण्यात आली. १९९६ च्या दुरुस्तीने समुद्रावरील जहाजांत टेबलावरील खेळांसही मोकळीक मिळाली. या दोन दुरुस्त्यांमागील समजूत मला विचार करावयास लावते. पत्ते व चक्र यांचा जुगार मोठा, म्हणून तो पाण्यावर पाठवावा. यंत्राचा जुगार किरकोळ, करमणुकीचा, म्हणून तो जमिनीवर राहिला तरी चालेल. अन्य देशांच्या अनुभवाने नेमके उलटे दाखविले आहे. ऑस्ट्रेलियात तेथील शासकीय उत्पादकता आयोगाने १९९९ व २०१० साली केलेल्या पाहणीत असे आढळले की यंत्रांवर गमावल्या जाणाऱ्या पैशापैकी सुमारे ४० टक्के पैसा व्यसनाच्या आहारी गेलेल्या थोड्या लोकांचा असतो. जहाजांविषयीही समजूत टिकली नाही. 'समुद्रावरील' म्हणविणारी जहाजे पणजीसमोर मांडवी नदीतच नांगरून राहिली, आणि ती हलविण्याच्या मुदती पुनःपुन्हा वाढविल्या गेल्या. विरोधी बाकांवरून कॅसिनोंवर तुटून पडणारे सत्तेवर आले तरी जहाजे जागची हलली नाहीत. परवाना शुल्काचा आकडा अंदाजपत्रकात एकदा शिरला की तो बाहेर काढावयास मोठे धैर्य लागते.

गोव्याच्या महाधर्मप्रांताच्या सामाजिक न्याय व शांती परिषदेने आणि अनेक नागरिकांनी या जुगारास सातत्याने विरोध केला. त्याचा परिणाम झाला नाही असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने एकवीस वर्षांखालील व्यक्तींस मज्जाव झाला, गेमिंग आयुक्ताची तरतूद झाली, आणि स्थानिक गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास बंदी करण्याचा मार्ग खुला झाला. ती बंदी प्रत्यक्षात १ फेब्रुवारी २०२० पासून लागू करण्यात आली. स्थानिक कुटुंबांच्या दृष्टीने ही सुधारणा खरीच आहे, तिला कमी लेखू नये. मोनॅको संस्थानानेही आपल्या प्रजाजनांस आपल्याच कॅसिनोत खेळण्यास मनाई केली आहे. परंतु या नियमात एक कबुलीही दडलेली आहे. आपल्या मुलांच्या ताटात जे वाढावयाचे नाही ते पाहुण्यापुढे ठेवण्यास हरकत नाही, असे तो म्हणतो. समाचा तो मुलगा गोव्यात पाहुणा होता. कोल्हापूरचा, बेळगावचा, नाशिकचा मुलगाही तेथे पाहुणाच. 'माझा शेजारी कोण?' हा शास्त्र्याचा प्रश्न आणि प्रभूने त्यावर सांगितलेला दाखला आपण दर वर्षी वेदीवरून वाचतो. गोव्याच्या कायद्याने त्या प्रश्नाचे उत्तर रहिवासी दाखल्यावर ठरविले.

महाराष्ट्रात याच्या उलट घडले. १९७६ सालीच, म्हणजे आणीबाणीच्या काळात, राज्याने कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम संमत केला. पुन्हा तेच दोन शब्द. पण तो कधीच अमलात आणला गेला नाही. शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षे तो पुस्तकात पडून होता; कोणी तो लागू करावा म्हणून न्यायालयात गेले, कोणी पर्यटनाच्या नावे त्याची आठवण काढली. अखेर २०२३ साली तो रद्द करण्यात आला. मात्र यावरून महाराष्ट्र निर्जुगारी राहिला असे म्हणण्याचे कारण नाही. १९६९ पासून राज्याची स्वतःची लॉटरी आहे, आणि मुंबईच्या गिरणगावात मटक्याच्या आकड्याने किती संसार धुऊन नेले हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एक अंकी सोडतीस बंदी केली आणि एका सोडतीस आठवड्यातून एकाहून अधिक वेळ मनाई केली, ती याच कारणाने की सोडतीचा वेग वाढून ती मटक्यासारखी होऊ लागली होती. वेगाला हात घालणारी ही तरतूद मला मोलाची वाटते.

वेग व रक्कम यांना हात घालून काय साधते हे दोन देशांनी दाखविले. ब्रिटनमध्ये पैजेच्या दुकानांतील यंत्रांवर दर वीस सेकंदांस १०० पौंडांपर्यंत लावता येत असत. १ एप्रिल २०१९ पासून ती मर्यादा २ पौंडांवर आणली गेली. हा बदल लांबणीवर टाकला जात आहे असे दिसताच संबंधित मंत्री ट्रेसी क्राउच यांनी २०१८ मध्ये राजीनामा दिला होता, आणि लॉर्ड्स सभागृहात सेंट ऑल्बन्सचे बिशप ॲलन स्मिथ यांनी हा विषय लावून धरला होता. नॉर्वेने याहून कठोर मार्ग धरला. १ जुलै २००७ रोजी तेथील सर्व जुगारयंत्रे बंद झाली. पुढे शासकीय मंडळाने थोडी यंत्रे आणली ती ओळखपत्रावर चालणारी आणि गमावण्याची मर्यादा घातलेली. नॉर्वेच्या उदाहरणात आपल्याला बोचणारी एक गोष्ट आहे. त्या जुन्या यंत्रांचे उत्पन्न रेडक्रॉससारख्या सेवाभावी संस्थांकडे जात असे. बंदीमुळे रुग्ण व गरजू यांच्यासाठी काम करणाऱ्यांचेच उत्पन्न बुडाले, आणि तरीही संसदेने बंदी घातली.

आपल्याच देशात मेघालयाने २०२१ साली कॅसिनोंस वाट करून देणारा कायदा केला तेव्हा तेथील ख्रिस्ती मंडळ्यांनी एकजुटीने विरोध केला, आणि २०२२ साली शासनाने तो मागे घेण्याचे ठरविले. तेथे ख्रिस्ती लोक बहुसंख्य आहेत ही गोष्ट खरी. वडोदऱ्यात आपण मूठभर आहोत. परंतु आता यंत्र हॉटेलात राहिलेलेच नाही. ते खिशात आले. दूरध्वनीवरील पैशाच्या खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर बसला; म्हणजे येथेही कर आधी आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैसे वळते करणे हा गुन्हा ठरविला. खेळणाऱ्यास मात्र त्यात शिक्षा नाही. १८८७ च्या कायद्याने ज्यास अपराधी मानले त्यास २०२५ चा कायदा पीडित मानतो. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने हा फरक मनात ठेवावा असा आहे.

त्या माउलीकडे मी पुन्हा गेलो. धर्मशिक्षणाचा ग्रंथ नशिबाच्या खेळास मुळात अन्याय म्हणत नाही, मथ्थियाची निवडही चिठ्ठीनेच झाली. परंतु ज्याने कुणाची स्वतःची वा आश्रितांची गरजेची वस्तू हिरावली जाते तो खेळ नीतीस मान्य नाही, असे तो शिकवितो, हे मी त्यांस सांगितले. परवाना म्हणजे शासनाने घेतलेला वाटा, तो निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, हेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग फादर, सणाला देवळाच्या पटांगणात हाऊझी होते, आणि छपरासाठी तुम्ही सोडतीची तिकिटे विकलीत, त्याचे काय?"

तिकिटे मी विकली होती. दोनशेच्या वर, त्यातली काही त्यांच्याच मुलास. सण समितीची बैठक पुढील रविवारी आहे, आणि छपराचे अजून निम्मे काम बाकी आहे.