कानांसाठी घडलेली पुस्तके

ध्वनिमुद्रित पुस्तक, ज्याला आता सर्रास ऑडिओबुक आणि क्वचित श्राव्यपुस्तक म्हटले जाते, ही मराठीत अगदी अलीकडची वस्तू आहे असा समज असला, तरी त्याविषयी श्रोते जी मते देतात ती मात्र फार जुनी आहेत. वाचणारा उगाच नाटकी होतो, विनोदी लेखन त्याच्या तोंडी सपाट पडते, रहस्यकथा ऐकताना रात्र सरते पण इतिहासाचे पुस्तक ऐकताना सनावळी हातून निसटते, या आजच्या तक्रारी पुराणिकाच्या आणि कीर्तनकाराच्या श्रोत्यांनीही आपापल्या शब्दांत केल्या असणार. मराठी ग्रंथरचनेचा मोठा भाग मुळात ऐकण्यासाठीच झाला आणि एकट्याने, मनातल्या मनात वाचण्याची सवय जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षांची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कोणता वाङ्मयप्रकार कानाला मानवतो आणि कोणता मानवत नाही याचा उलगडा पुष्कळसा होतो. लिहिताना लेखकाने समोर कोणाला धरले होते, ऐकणाऱ्याला की पान उलटणाऱ्याला, हाच त्यातला कळीचा प्रश्न आहे.

या जुन्या व्यवहाराची खूण पोथीच्या रूपातच आहे. पोथी म्हणजे आडव्या, लांबट, सुट्या पानांचा न शिवलेला ग्रंथ. दोन फळ्यांमध्ये ठेवून तो कापडी रुमालात बांधलेला असे आणि वाचतेवेळी चौरंगावर उलगडून एकेक पान वाचून झाले की उलथून बाजूला ठेवले जाई. हस्तलिखित पोथीत शब्दांमध्ये आजच्यासारखी मोकळी जागा सोडलेली नसे. अक्षरे सलग एका रांगेत चाललेली असत आणि ओवी कोठे संपली हे उभ्या दंडांवरून कळे. असे पान नुसत्या डोळ्यांनी चाळणे अवघडच होते. अक्षरे ओठांवर आली, आवाजात शिरली, की शब्द आपोआप सुटे होत. थोडक्यात, पोथीला वाचक लागे तो आवाज देणारा, आणि ग्रंथ पुरा होई तो समोर बसलेल्या श्रोत्यांच्या कानात. पुढे छापखाने आल्यावरही धार्मिक ग्रंथ कित्येक वर्षे याच सुट्या, आडव्या पानांत छापले गेले, यावरून ही सवय किती मुरलेली होती ते दिसते.

ग्रंथांची बांधणीही तशीच होती. ग्रांथिक ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा बहुधा आखूड व मोकळा असतो. त्या चौथ्या चरणावर वाचणारा श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ पोटात घालायला क्षणभर उसंत मिळते. श्रीधराच्या हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत या अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या ग्रंथांत, तसेच महीपतीच्या भक्तविजयात, अध्यायाच्या आरंभी मागील कथेचा धागा जोडून देण्याची आणि शेवटी विराम घेण्याची पद्धत दिसते. छापील कादंबरीच्या वाचकाला हा पाल्हाळ वाटतो, पण काल जो आला नव्हता, किंवा आला होता आणि पेंगला होता, त्या श्रोत्यासाठी ती सोय होती. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत तर श्रोते ग्रंथाच्या आतच बसलेले आहेत. त्यांची मनधरणी केली जाते, त्यांची उत्सुकता बोलून दाखवली जाते आणि नवव्या अध्यायाचा प्रारंभच श्रोत्यांकडे अवधान, म्हणजे एकाग्र लक्ष, मागून होतो. ज्या ग्रंथाला मराठी वाङ्मयाचा पाया मानले जाते तो परंपरेनुसार बोलला गेला ज्ञानेश्वरांच्या मुखातून आणि लिहून घेतला सच्चिदानंदबाबांनी, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदवली जाते खरी, पण तिचे परिणाम फारसे तपासले जात नाहीत.

श्रोत्याच्या बाजूचा विचार सर्वांत रोखठोकपणे केला तो रामदासांनी. नवविधा भक्तीत श्रवणाचा क्रमांक पहिला असल्याने दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवात श्रवणभक्तीने होते. सातव्या दशकात श्रवणावर स्वतंत्र समास आहेत आणि ग्रंथ म्हणावे ते कशाला, ऐकावे ते काय, याची निवड तेथे सांगितली आहे. अठराव्या दशकाच्या अखेरीस श्रोत्याच्या अवलक्षणांचेही, म्हणजे दोषांचे, वर्णन आहे. बसलेला माणूस देहाने तेथे आणि मनाने भलतीकडे असतो, हे त्यातले निरीक्षण आजही लागू पडते, कारण भांडी घासताना किंवा लोकलच्या गर्दीत उभ्याने पुस्तक ऐकणाऱ्याचीही अडचण हीच आहे.

श्रवणाच्या या जगात सादर करण्याच्या पद्धती एकमेकींत मिसळलेल्या नव्हत्या आणि श्रोत्याला त्यांतला फरक पक्का ठाऊक होता. पुराणिक हा ग्रंथ समोर ठेवून वाचणारा आणि वाचता वाचता अर्थ फोडून सांगणारा. त्याने मूळ शब्दाला धरून राहावे ही अपेक्षा असे. नारदीय पद्धतीचा हरिदास पूर्वरंगात अभंगाचे किंवा पदाचे विवेचन करी आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून एखादे आख्यान रंगवी. तेथे गाणे, नक्कल, हशा सगळे चाले. पोवाडा गाणाऱ्या शाहिराकडून आवेश हवा असे, तर घरात चातुर्मासात शिवलीलामृताचा अध्याय वाचणाऱ्या वडीलधाऱ्याकडून फक्त स्पष्ट उच्चार आणि संथ लय. पुराणिकाने हरिदासासारखे हातवारे केले तर ते खटकणार आणि हरिदासाने पुराणिकासारखे नुसते वाचले तर मंडळी उठून जाणार, हा विवेक पुढे ध्वनिमुद्रणाच्या काळात बराच हरवला.

छपाईने ही घडी मोडली, पण एकदम नाही. बाबा पदमनजींचे यमुनापर्यटन १८५७ साली निघाले आणि त्यानंतर कादंबरी हा एकट्याने वाचण्याचा प्रकार मराठीत रुजत गेला; परिच्छेद, विरामचिन्हे, अवतरणचिन्हांतले संवाद ही सारी डोळ्यांची सोय त्याच्याबरोबर आली. तरीही १८८१ मध्ये सुरू झालेला केसरी गावोगाव एकाने वाचायचा आणि इतरांनी ऐकायचा, हे चालूच राहिले. साक्षरता थोडी असलेल्या समाजात दुसरा मार्गही नव्हता.

यंत्राने आवाज साठवण्याची कल्पना आली तेव्हा पुस्तक हा तिच्या पहिल्या उपयोगांपैकी एक मानला गेला होता. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग मांडताना अंधांसाठी बोलणारी पुस्तके त्यात गणली. अडचण होती ती वेळेची. १९०२ मध्ये भारतात ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रणास आरंभ झाला, पण नेहमीच्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटेच मावत. त्यात नाट्यपद बसे, लावणी बसे, कथा बसत नसे. संगीत नाटकाचे गाणे घरोघरी पोचले आणि त्याच नाटकाचे गद्य मागे राहिले, त्यामागे रसिकतेइतकाच या तीन मिनिटांचाही वाटा आहे. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी पहिली बोलकी पुस्तके निघाली ती सावकाश फिरणाऱ्या तबकड्यांवर; एका बाजूला सुमारे पंचवीस मिनिटे वाचन मावे आणि एका कादंबरीला दहाच्या आसपास तबकड्या लागत. त्या आरंभीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा आणि जोसेफ कॉनरॅडची समुद्रकथा होती. रहस्य आणि साहस यांना तेव्हाही पहिला मान मिळावा यात नवल नाही, कारण पुढे काय झाले या ओढीवर चालणारे लेखन कानाला लवकर पकडते.

मराठी श्रोत्यापुरते पाहिले तर ग्रामोफोनपेक्षा नभोवाणीने, म्हणजे रेडिओने, जास्त काम केले. मुंबईचे केंद्र १९२७ मध्ये आणि पुण्याचे १९५३ मध्ये सुरू झाले. श्रुतिका, म्हणजे केवळ ऐकण्यासाठी लिहिलेले छोटे नाटक, हा नवा प्रकार येथे घडला; त्यात दार वाजणे, कपबशीचा आवाज, पावलांचा आवाज ही नेपथ्याची भाषा झाली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने ग. दि. माडगूळकरांचे आणि सुधीर फडके यांनी संगीत दिलेले गीतरामायण आठवड्याला एक गीत या हिशेबाने प्रसारित केले आणि वर्षभराहून थोड्या अधिक काळात छप्पन्न गीते झाली. कथा वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून पुढे नेणारी, प्रत्येक भाग आपापल्या परीने पुरा असणारी आणि पुढच्या भागाची वाट पाहायला लावणारी ही रचना म्हणजे चातुर्मासातल्या पोथीनेच धारण केलेले नवे रूप होते. लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, या हकिकतींकडे भाबडेपणा म्हणून पाहण्यापेक्षा श्रोत्यांनी जुनी बैठक ओळखली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

याच काळात कथाकथन, म्हणजे लेखकाने श्रोत्यांसमोर कागदाशिवाय आपली कथा सांगणे, हा प्रकार गाजू लागला. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी तो गावोगाव नेला आणि व. पु. काळे यांनी शहरी मध्यमवर्गापर्यंत पोचवला. अभिवाचन ही याहून निराळी गोष्ट आहे. त्यात पुस्तक हातात असते, शब्द बदलायचा नसतो आणि आवाजातील चढउतारावरच सारी भिस्त असते. कॅसेट, म्हणजे ध्वनिफीत, घराघरांत आली तेव्हा या दोन्ही प्रकारांना टिकाऊ रूप मिळाले, आणि त्यात पु. ल. देशपांडे यांच्या वाचनाचे स्थान वेगळे आहे. व्यक्ती आणि वल्लीतले एखादे व्यक्तिचित्र अर्ध्या-पाऊण तासात पुरे होते, कॅसेटची एक बाजूही साधारण तेवढीच चालते. वाङ्मयप्रकाराचा आणि साधनाचा असा सांधा क्वचित जुळतो. त्या ध्वनिफितींनी एक नुकसानही केले. हरितात्या, नारायण, रावसाहेब ही माणसे लेखकाच्याच आवाजात कानांत इतकी रुतली की तीच व्यक्तिचित्रे दुसऱ्या कोणी वाचली तर ती नक्कल वाटते, आणि विनोदी लेखन वाचायचे म्हणजे पुलंसारखे वाचायचे अशी एक खोटी मोजपट्टी तयार झाली. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाला ती मुळीच लागू पडत नाही. तो बापडा गंभीरपणे सांगतो म्हणून हसू येते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वीडनच्या स्टोरीटेल कंपनीने भारतात सेवा सुरू करताना इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीलाही स्थान दिले, तेव्हापासून मोबाइलवर पूर्ण लांबीच्या मराठी पुस्तकांचे श्रवण सामान्य झाले. अंध वाचकांसाठी स्वयंसेवकांनी वाचून मुद्रित केलेली बोलकी पुस्तके त्याआधीपासून होती, आणि २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने अशा वाचनाला परवानगीच्या कटकटीतून मोकळे केले. त्या वाचनांत अभिनय कमी आणि शब्दनिष्ठा अधिक असे, म्हणून ती पुराणिकाच्या परंपरेतली म्हणता येतात. व्यापारी श्राव्यपुस्तकाचा कल मात्र हरिदासाकडे झुकला.

वाङ्मयप्रकारांची खरी परीक्षा येथे होते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली श्यामची आई प्रकरणांत नव्हे तर रात्रींत विभागलेली आहे. आश्रमातील सोबत्यांना श्याम बेचाळीस रात्री आपल्या आईच्या गोष्टी सांगतो. या पुस्तकाला श्राव्य रूप द्यावे लागत नाही, ते मुळातच श्राव्य आहे, आणि त्याला पार्श्वसंगीताची जोड देणे म्हणजे गूळ साखरेत बुडवणे होय. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे हीसुद्धा बोललेलीच भाषा आहे. शिवाजी सावंतांच्या मृत्युंजय या १९६७ च्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापली बाजू स्वतः मांडतात, आणि खांडेकरांच्या ययातीतही ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात. अशा आत्मनिवेदनात्मक कादंबऱ्यांची अलंकारिक, लांबलचक वाक्ये पानावर जड वाटली तरी कीर्तन ऐकलेल्या कानाला ती ओळखीची वाटतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भय-गूढकथांचे यश निराळ्या कारणाने आहे, कारण तेथे शांततेलाही अर्थ असतो, आणि ती शांतता किती लांबवायची हे पानावर वाचक स्वतः ठरवतो, तर ध्वनिमुद्रणात ती सूत्रे निवेदकाच्या हाती जातात.

वैचारिक ग्रंथांचे तसे नाही. इरावती कर्व्यांच्या युगान्तमधले युक्तिवाद ऐकताना मागे वळून पाहावेसे वाटते, आणि तळटीप, वंशावळ, तक्ता यांना तर आवाजच नसतो. आधुनिक कवितेची अडचण याहून मोठी आहे, कारण तिची ओळ कोठे तुटते हे पानावर दिसते, कानाला कळत नाही.

राहिला प्रश्न बोलीचा, आणि मराठी श्राव्यपुस्तकाची सर्वांत ठळक उणीव तेथेच आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडीत निवेदन करणारा तरुण मास्तर प्रमाण मराठीच्या जवळचे लिहितो, पण कारभारी आणि धनगर माणदेशी बोलतात. छापील पानावर वाचक तो हेल मनात आपल्या कुवतीप्रमाणे भरून घेतो, ध्वनिमुद्रणात मात्र ती जबाबदारी निवेदकाची असते आणि चुकीचा हेल पहिल्याच संवादात उघडा पडतो. दया पवारांचे बलुतं, मालवणी किंवा अहिराणी संवादांचे लेखन, वऱ्हाडी कथा या साऱ्यांना हीच कसोटी आहे. गोड, कमावलेला, नाट्यशिक्षण घेतलेला आवाज येथे पुरा पडत नाही. ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसवावे लागेल, त्याचे उच्चार सुधारण्याचा मोह टाळावा लागेल, आणि निवेदकाचे नाव लेखकाच्या नावाशेजारी तेवढ्याच ठळकपणे द्यावे लागेल.