खुब्याचे हाड आणि म्हातारपण

घरातील वडीलधारे माणूस न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडला, म्हणजे ते आता अंथरुणातून उठणार नाही, ही समजूत आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वी रूढ होती. माझ्या आजीच्या बाबतीत ती खरी ठरली. शस्त्रक्रिया होऊन हाड बसले होते, जखम भरली होती. आजी मात्र उभी राहिली नाही. आम्ही नशिबाला दोष दिला. पुढे या उपचाराचा इतिहास वाचताना ध्यानी आले की, हा प्रश्न पाश्चात्त्य वैद्यकासही दोनशे वर्षे सतावीत आला आहे आणि त्याचे उत्तर एकदा हाती येऊन निसटलेही होते.

लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधील शल्यवैद्य ॲस्टली कूपर यांचा सांधे निखळणे व मोडणे यांवरील ग्रंथ १८२२ सालचा. मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या आवरणाच्या आत मोडली, तर वरच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड सहसा सांधत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून वृद्धांना महिनोनमहिने निजवून ठेवू नये. पायाखाली उशी द्यावी, दहा-पंधरा दिवसांत वेदना ओसरताच खुर्चीत बसवावे, मग कुबड्या द्याव्यात, असा त्यांचा सल्ला होता. आपल्यावर हा प्रसंग आला, तर आपण स्वतःसाठीही हेच सांगू, असेही ते लिहितात. पाय आखूड राहील, पण माणूस राहील. ते हाड वाहणाऱ्या देहात किती बळ उरले आहे, याचा हिशेब त्यांनी आधी केला होता.

पुढच्या काळाला हे लंगडणे मान्य होईना. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल व्हिटमन यांनी पाय फाकवून लांबलचक प्लास्टरमध्ये बांधण्याची रीत मांडली. ती म्हाताऱ्या देहांना पेलणारी नव्हती. मग बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांचा तीन पात्यांचा खिळा आला. त्यांनी तो १९२५ साली प्रथम वापरला आणि १९३१ साली प्रसिद्ध केला. या खिळ्याने असंख्य रुग्णांना प्लास्टरच्या कैदेतून सोडविले, हे न्यायाने म्हटलेच पाहिजे. पण आता शल्यवैद्याची नजर क्ष-किरणाच्या चित्रावर खिळली. चित्रात हाड सरळ दिसले की काम झाले!

विसरलेली गोष्ट परत आली ती अनाथ-अपंगांच्या खोल्यांतून. १९३५ साली वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या दरिद्री-आश्रमातील अंथरुणाला खिळलेले शेकडो वृद्ध सोपविले गेले. मार्जोरी वॉरेन यांनी त्यांना एकेक करून तपासले, उठविले, चालविले. कित्येक घरी परतले. पुढे हेस्टिंग्ज येथे शल्यवैद्य मायकेल डेव्हास आणि वार्धक्यचिकित्सक आयर्विन यांनी एकाच रुग्णाची देखभाल मिळून केली.

जर्जरता म्हणजे केवळ वय नव्हे. इंग्लंडच्या राजमाता १९९८ साली, ९७व्या वर्षी पडल्या, खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्या पुन्हा चालू लागल्या. उलट सत्तरीतला एखादा सावरत नाही. २००१ साली लिंडा फ्राइड व सहकाऱ्यांनी जर्जरतेच्या पाच खुणा सांगितल्या: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, मुठीचा कमी जोर, मंद चाल, कमी हालचाल. यांपैकी तीन असल्या की देहाची शिल्लक संपत आली, असे समजावे. अशा देहाला भूल, रक्तस्राव आणि अंथरूण हे तीन धक्के एकदम बसतात. स्नायू दिवसागणिक झिजतात, बुद्धी भ्रमते, फुप्फुसांत कफ साचतो.

नॉर्वेतील ट्रॉन्हाइम येथील २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला मोलाचा वाटतो. सत्तरी ओलांडलेल्या ३९७ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या अस्थिविभागात, तर काहींना वार्धक्यविभागात ठेवले. शस्त्रक्रियेची सोय दोघांनाही सारखीच. दुसऱ्या गटाची औषधे तपासली, वेदना आवरल्या, खाण्याकडे लक्ष दिले, लवकर उठविले. चार महिन्यांनी हा गट चालण्या-फिरण्यात सरस ठरला.

आजी शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी उठायला बघत होती. तिच्या खांद्याला धरून, प्रेमानेच, आम्ही तिला परत निजविले होते.