वासाचं पार्सल: लिम्बर्गर चीज, विस्कॉन्सिन आणि नाक मुरडणारे लोक

1935 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या दोन पोस्टमास्तरांचं भांडण जुंपलं. कारण होतं एक पार्सल. विस्कॉन्सिनमधल्या मन्रो गावाहून आयोवातल्या इंडिपेंडन्स या गावी टपालाने लिम्बर्गर चीज निघालं होतं. गोष्ट सांगतात ती अशी की तिथल्या एका डॉक्टरने आजारी शेतकरीण बाईंना औषध म्हणून हे चीज खायला सांगितलं होतं. पार्सल घेऊन निघालेल्या टपालवाल्याला तो वास काही सोसेना. इंडिपेंडन्सचे पोस्टमास्तर वॉरन मिलर यांनी ते आल्या पावली परत धाडलं. मन्रोचे पोस्टमास्तर जॉन बर्कहार्ड यांनी पुन्हा बांधून पाठवलं, तर पुन्हा परत. मग बर्कहार्ड यांनी थेट वॉशिंग्टनला, देशाचे पोस्टमास्टर जनरल जेम्स फार्ली यांच्याकडे दाद मागितली. फार्ली यांचा निवाडा असा, की नीट बांधलेलं असेल तर लिम्बर्गर टपालाने जाऊ शकतं.

एवढ्यावर थांबतील तर ते पोस्टमास्तर कसले! बर्कहार्ड यांनी मिलरना वास घेण्याच्या द्वंद्वाचं आव्हान दिलं. मार्च महिन्यात आयोवातल्याच ड्यूब्यूक शहरात, ज्युलियन हॉटेलमध्ये, वार्ताहरांच्या समोर दोघं एका टेबलाशी बसले. मिलर येताना कपडे वाळत घालायचा चिमटा आणि गॅस मास्क घेऊन आले होते. शेवटी त्यांनी कबूल केलं म्हणतात, की मला मुळात वासच येत नाही.

पॉडकास्टच्या भागात आम्ही या किश्शावर भरपूर हसलो. पण एक गोष्ट तेव्हा बोलायची राहून गेली. हा सगळा प्रकार महामंदीच्या काळातला आहे. मिलरना ती गंमत होती, पण बर्कहार्ड यांच्या गावाचं पोट त्या वासावर चालत होतं. ‘तुमच्या मालाला घाण वास येतो’ हे सरकारी खात्याचं अधिकृत मत झालं असतं, तर ग्रीन काउंटीतल्या शेतकऱ्यांनी दूध ओतायचं कुठे?

हे शेतकरी आले कुठून, ते आधी बघू. 1845 मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लॅरस परगण्यातून शंभरेक माणसं विस्कॉन्सिनला पोचली आणि त्यांनी न्यू ग्लॅरस वसवलं. गावाकडे जमीन कमी आणि तोंडं जास्त झाली होती, म्हणून निघालेली ही माणसं. आधी त्यांनी इतरांसारखा गहू पेरला. गव्हाने काही वर्षं साथ दिली, मग जमिनीचा कस गेला, पिकावर किडीच्या धाडी आल्या, आणि 1860-70 च्या दशकांत ही मंडळी गाईंकडे वळली. आता दूध आलं म्हणजे ते टिकवायचं कसं हा प्रश्न आलाच. रेफ्रिजरेशन नाही, शहरं लांब. स्विस चीजच्या एका चाकाला भलीमोठी तांब्याची कढई आणि कित्येक गोठ्यांचं दूध एकदम लागतं. लिम्बर्गरचं तसं नाही. ते विटेएवढं छोटं, थोड्या दुधात होतं, आणि स्विसला महिनोन्‌महिने लागतात तिथे हे काही आठवड्यांत विकायला तयार. लहान शेतकऱ्याला पैसा लवकर हातात देणारं चीज ते हे! 1867-68 च्या सुमारास ग्रीन काउंटीत त्याची सुरुवात झाली आणि पुढच्या बारा-पंधरा वर्षांत तिथे लिम्बर्गरचे पंचवीसेक लहान कारखाने उभे राहिले.

हे चीज स्विस लोकांचं मात्र नव्हे. नाव लिम्बुर्गच्या जुन्या सरदारकीवरून आलं, जिचा मुलूख आज बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी असा वाटला गेलाय. 1830 च्या आसपास कार्ल हिर्नबाइन या माणसाने ते दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉय भागात नेलं, आणि हळूहळू ते जर्मनच झालं. अमेरिकेत विकत घेणारेही मुख्यतः जर्मन होते: मिलवॉकी, शिकागो, सिनसिनाटी, न्यूयॉर्क इथले कामगार आणि त्यांचे बिअरचे गुत्ते. म्हणजे नाव बेल्जियमकडचं, हात स्विस, गिऱ्हाईक जर्मन आणि गाय विस्कॉन्सिनची. खाद्यपदार्थांचं ‘मूळ’ शोधणाऱ्यांनी इथे थोडा वेळ थांबावं.

वास येतो कशाने? ताज्या विटा मिठाच्या पाण्यातून काढून लाकडी फळ्यांवर मांडतात आणि दमट, गार तळघरात ठेवतात. मग खारट पाण्याने त्या पुन्हा पुन्हा हाताने पुसायच्या, उलटायच्या. या पुसण्यामुळे बुरशीऐवजी ब्रेव्हिबॅक्टेरियम लिनेन्स नावाचे जिवाणू वरच्या सालीवर माजतात. साल नारिंगी, चिकट होते. हे जिवाणू प्रथिनं फोडतात आणि त्यातून गंधकाची संयुगं बाहेर पडतात. याच जिवाणूंचे सख्खे भाऊबंद माणसाच्या तळपायावर, बोटांच्या बेचक्यात राहतात. तेव्हा ‘मोज्यांचा वास येतो’ ही तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. बार्ट नोल्स या डच संशोधकाने तर दाखवून दिलं की मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस गॅम्बी डासाच्या माद्या माणसाच्या पायाकडे जशा ओढल्या जातात, तशाच लिम्बर्गरकडेही. त्या कामाला 2006 चं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. आपल्याकडे मलेरियाने किती माणसं नेली हे आठवलं, तर दुसरा भाग लगेच पटतो.

आता वासाच्या राजकारणाकडे येऊ. मन्रोत 1870 च्या दशकातली एक आठवण अजून सांगितली जाते. चीजने भरलेल्या गाड्या भर चौकातून जाऊ लागल्या तशी गावातली प्रतिष्ठित मंडळी खवळली. तेव्हा अ‍ॅराबट लडलो या बँकवाल्याने गाड्यांची बँड लावून मिरवणूक काढली आणि लोकांना सुनावलं की तुम्हाला येतोय तो पैशाचा वास आहे. गोष्टीला पिढ्यापिढ्यांनी मीठमसाला लावला असणार, पण ती कुणाच्या तोंडी घातलीय ते बघा. लडलो इंग्रजी बोलणारा जुना अमेरिकन. ज्यांच्या अंगाला वास येत होता ते स्विस शेतकरी या गोष्टीत बोलतच नाहीत. त्यांची बाजू मांडायला त्यांचा सावकारच लागतो.

शहरांत लिम्बर्गर हा विनोदाचा हुकमी विषय होता. मार्क ट्वेनच्या एका कथेत रेल्वेच्या डब्यात शवपेटी आहे अशी सगळ्यांची समजूत होते, आणि दुर्गंधी येत असते ती पेटीवर ठेवलेल्या लिम्बर्गरची. 1918 च्या ‘शोल्डर आर्म्स’ या मूकपटात चार्ली चॅप्लिन मास्क चढवून लिम्बर्गर थेट जर्मन खंदकात फेकतो. पहिल्या महायुद्धाचा काळ होता. सावरक्राउटलासुद्धा ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणायचं फॅड आलं होतं, जर्मन बोलणाऱ्यांकडे संशयाने बघितलं जात होतं. अशा वेळी चीजच्या वासावरचा विनोद नुसता चीजवरचा राहत नाही. त्यानंतर 1920 मध्ये दारूबंदी आली. गुत्त्यात बिअरबरोबर राय ब्रेड, कांदा आणि लिम्बर्गर मिळायचं, ते गुत्तेच बंद पडले. 1933 मध्ये बंदी उठली, पण सवय पूर्ण परतली नाही. पुढच्या पिढीला आजोबांचं चीज ऑफिसच्या डब्यात न्यायचं नव्हतं.

हे वाक्य वाचताना तुमच्यापैकी अनेकांना आपापला डबा आठवला असेल. सुकट, सोडे, बोंबील, नाहीतर साधी हिंगाची फोडणी. अपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये वास गेला म्हणून आलेली ती अतिसभ्य चिठ्ठी. गंमत म्हणजे लिम्बर्गर चवीने खाणाऱ्या जर्मन भाषेत हिंगाला ‘टॉयफेल्सड्रेक’ म्हणतात. म्हणजे सैतानाची विष्ठा. ज्याला त्याला आपला वास म्हणजे घर आणि दुसऱ्याचा म्हणजे घाण. पण एवढं म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण सगळी नाकं सारख्या वजनाची नसतात. मुंबईत मासे खाणाऱ्याला घर नाकारलं जातं, तेव्हा नाक मुरडणाऱ्याच्या हातात घराची किल्ली असते. इंडिपेंडन्सच्या पोस्टमास्तराच्या हातातही पार्सल परत पाठवायचा शिक्का होता. बर्कहार्ड यांच्याकडे वॉशिंग्टनला दाद मागण्याइतकं वजन होतं, म्हणून तो किस्सा झाला. नाहीतर ते नुसतं परत आलेलं पार्सल असतं.

अमेरिकेने या प्रश्नाचं आणखी एक उत्तर काढलं, तेही चीजवाल्यांकडूनच. न्यूयॉर्क राज्यातही एक मन्रो आहे. तिथे 1890 च्या आसपास एमिल फ्राय या स्विस कारागिराने लीडरक्रान्झ नावाचं, लिम्बर्गरच्या कुळातलं चीज काढलं. न्यूयॉर्कच्या एका जर्मन गायनमंडळाचं नाव त्याला दिलं होतं. त्याच फ्रायने 1918 च्या सुमारास व्हेल्व्हीटा केलं, पिवळं, मऊ, कुठेही कसलाच वास नसलेलं. जिंकलं कोण ते कुठल्याही अमेरिकन किराणा दुकानात दिसतं.

मन्रोजवळची शॅले चीज को-ऑपरेटिव्ह ही 1885 पासूनची शेतकऱ्यांची सहकारी संस्था. देशात लिम्बर्गर करणारा शेवटचा उरलेला कारखाना म्हणून गेली कित्येक दशकं तिचंच नाव घेतलं जातं. सहकारी दूध आपल्याला काही नवीन नाही, त्यामुळे मला या जागेबद्दल उगाचच आपुलकी वाटते. मन्रोच्या चौकात बाउमगार्टनर्स नावाचा 1931 पासूनचा चीजचा गुत्ता आहे. बिअर गावचीच. ती बनवणारी 1845 ची ब्रुअरी 2006 मध्ये मनजीत आणि रविंदर मिन्हास या कॅनडातल्या पंजाबी बहीणभावाने विकत घेतली. नाव बेल्जियमकडचं वगैरे वर म्हटलं, त्यात आता हेही धरा.

खायचं कसं, हे विचारणारे बरेच संदेश आलेत, म्हणून सांगते. सगळं आठवड्यांवर असतं. पहिल्या महिन्यात लिम्बर्गर कडक, भुसभुशीत, खारट, साधारण फेटासारखं. दीड महिन्यानंतर कडा मऊ पडतात, मध्ये पांढरा खडूसारखा गाभा राहतो, चव गोडसर होते. नवशिक्यांनी इथेच सुरुवात करावी. तीन महिन्यांनंतर ते लोण्यासारखं पसरतं, आणि मग ते तुमचं आणि तुमच्या रूममेटचं आपापसातलं प्रकरण. पाकिटावरच्या तारखेवरून मागे मोजा. शाकाहारी असाल तर रेनेट कुठलं वापरलंय ते लेबलवर बघून घ्या, पूर्वी ते वासराच्या पोटातूनच यायचं. वास मुख्यतः सालीला असतो, ती सुरीने खरवडून टाकली की अर्धं भांडण मिटतं. राय ब्रेडवर जाड काप, वर कच्च्या कांद्याची जाड चकती आणि तिखट मोहरी. कांदा पातळ चिरू नका, त्याचा करकरीतपणा हवा. बरोबर बिअर किंवा कडक काळी कॉफी. काही जण सकाळी टोस्टवर स्ट्रॉबेरी जॅमबरोबर खातात. मला ते पटत नव्हतं, पण गूळ-तूप-पोळी खाणाऱ्या माणसाने त्यावर फार बोलू नये. बाउमगार्टनर्समध्ये सँडविचबरोबर एक पुदिन्याचं चॉकलेट देतात, खिशात न टाकता लगेच खायचं असतं ते.

उरलेलं चीज घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. हिंगाची डबी डब्यात घालून तो डबा परत दुसऱ्या डब्यात ठेवतो ना, तसंच. प्लास्टिकचा डबा वापरलात तर तो पुन्हा दुसऱ्या कशाला वापरता येत नाही.