कतारची नाकेबंदी आणि वेबसाइट्सवरची बंदी (२०१७ ते २०२१)

जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात (यूएई), बहरीन आणि इजिप्त या चार देशांनी कतारशी संबंध तोडले. विमाने थांबली, बंदरे बंद झाली, सौदी-कतार सरहद्दीवरचा एकमेव रस्ता बंद झाला. हे सगळ्या जगाने पाहिले. पण ही नाकेबंदी जमिनीवर यायच्या बारा दिवस आधी इंटरनेटवर सुरू झाली होती, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे.

कोकणातल्या कितीतरी घरांत एक भाऊ दोहात आणि दुसरा दुबईत किंवा दम्माममध्ये नोकरीला असतो. या घरांसाठी तो वाद फक्त अमीर आणि शहजाद्यांचा नव्हता. एका शहरात सहज वाचता येणारी बातमी दुसऱ्या शहरात उघडत नव्हती, आणि त्यावर काही लिहिले तर तुरुंगाची भीती होती. म्हणून हा प्रकार मुळापासून समजून घ्यायला हवा.

सुरुवात कशी झाली

२४ मे २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कतारच्या सरकारी वृत्तसंस्थेच्या वेबसाइटवर अमीर शेख तमीम बिन हमद अल थानी यांच्या नावाने काही विधाने झळकली. त्यात इराणची तारीफ होती आणि अमेरिकेच्या धोरणावर टीका होती. वेबसाइट हॅक झाली आहे, अमीर असे काही बोललेलेच नाहीत, असा खुलासा कतारने लगेच केला. तरी शेजारी देशांच्या वाहिन्यांवर ती विधाने चालूच राहिली.

त्याच दिवशी सौदी, यूएई, बहरीन आणि इजिप्तमध्ये अल जझीराची वेबसाइट उघडेनाशी झाली. दोहाची वर्तमानपत्रेही बंद झाली. ५ जूनला राजनैतिक संबंध तुटले. २२ जूनला कुवेतच्या मध्यस्थीने कतारकडे १३ मागण्यांची यादी पोहोचली आणि उत्तरासाठी दहा दिवस दिले गेले. अल जझीरा कायमचे बंद करा, ही त्यातली एक मागणी. अरबी २१, अल अरबी अल जदीद, मिडल ईस्ट आय यांसारखी माध्यमेही बंद करा, असे यादीत नावानिशी लिहिले होते. कतारने या मागण्या फेटाळल्या.

वेबसाइट ‘बंद’ होते म्हणजे काय होते

बंदी घातलेली वेबसाइट जगातून नाहीशी होत नाही. ती आपल्या जागी चालूच असते, फक्त त्या देशातल्या लोकांचा रस्ता अडवला जातो. हे काम इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडून करून घेतले जाते. यूएईत एतिसलात आणि डू या दोनच कंपन्या आहेत, त्यामुळे सरकारने दोघांना आदेश दिला की काम झाले.

अडवण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला, वेबसाइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता सांगणारी यंत्रणा चुकीचा पत्ता देते किंवा देतच नाही. दुसरा, त्या पत्त्याकडे जाणारा रस्ताच बंद केला जातो. तिसरा, मधल्या यंत्रात बसवलेले फिल्टर कोण कुठली वेबसाइट मागतोय ते पाहून जोडणी तोडते. आजकाल बहुतेक वेबसाइट्स कुलूपबंद जोडणीने चालतात. त्यामुळे फिल्टरला वेबसाइटचे नाव दिसते, आतला लेख दिसत नाही. एक लेख नको असेल तरी अख्खी वेबसाइट बंद करावी लागते, ती याच कारणाने.

कॅनडाच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने २०१८ च्या अहवालात नेटस्वीपर या कॅनडाच्याच कंपनीची फिल्टर यंत्रणा दहा देशांत सापडल्याचे मांडले. त्या दहांत यूएई आणि बहरीन होते, कतारही होते. भारत आणि पाकिस्तानही त्याच यादीत होते. आपसात बोलणे बंद असलेली सरकारे फिल्टर मात्र एकाच दुकानातून आणत होती!

हमदर्दी दाखवणेही गुन्हा

वाचण्यावर बंदी आली, पाठोपाठ बोलण्यावर आली. जूनच्या पहिल्याच आठवड्यात यूएईच्या ॲटर्नी जनरलनी जाहीर केले की, कतारबद्दल सहानुभूती दाखवणे किंवा यूएईच्या भूमिकेला विरोध करणे हा गुन्हा आहे. सोशल मीडियावर केले तरी तेच. शिक्षा ३ ते १५ वर्षे कैद आणि किमान ५ लाख दिरहम दंड. बहरीननेही ५ वर्षांपर्यंतच्या कैदेचा इशारा दिला.

सायबर गुन्ह्यांचा कायदा नागरिक आणि परदेशी कामगार असा फरक करत नाही. त्यामुळे शारजात काम करणाऱ्याने दोहातल्या भावाची पोस्ट लाइक करायची की नाही, हाही विचार करण्याचा विषय झाला. काय लिहिले तर चालेल आणि कशाला ‘सहानुभूती’ म्हणतील याची रेघ कुणीच आखून दिली नव्हती. अशा वेळी माणूस गप्प बसतो, आणि असा इशारा देणाऱ्यांना हवे असते तेही हेच.

कतारचा हातही स्वच्छ नव्हता

या वादात कतार अखबारांच्या आझादीच्या बाजूने बोलत होता. पण नाकेबंदीच्या सहा महिने आधी, डिसेंबर २०१६ च्या सुरुवातीला, दोहा न्यूज ही इंग्रजी वेबसाइट खुद्द कतारमध्येच बंद झाली होती. परवाना नाही, असे कारण दिले गेले.

पुढे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले. यूएई आपल्या नागरिकांशी वांशिक भेदभाव करते, असा दावा कतारने जून २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयात दाखल केला. मार्च २०१९ मध्ये यूएईने तिथे उलट अर्ज केला. कतारी नागरिकांना यूएईत परत येण्याची परवानगी मागता यावी म्हणून आम्ही वेबसाइट चालवतो, पण कतारने ती आपल्या देशात बंद केली आहे, ती खुली करायला सांगा, असे त्यात म्हटले होते. १४ जून २०१९ ला न्यायालयाने अर्ज फेटाळला. मूळ दावाही फेब्रुवारी २०२१ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकाली निघाला.

हज आणि उमराहच्या नोंदणीवरूनही हेच भांडण झाले. कतारी यात्रेकरूंसाठी आम्ही ऑनलाइन नोंदणीची लिंक दिली, पण कतारने ती अडवली, असा आरोप सौदीने केला. कतारचे म्हणणे उलटे होते, की अडथळा सौदीकडूनच आहे. खरे-खोटे काहीही असो, झळ बसली ती मक्केला जाण्याची नियत केलेल्या माणसाला. पती कतारी आणि पत्नी सौदी किंवा बहरीनची, अशा घरांचे हालही याच काळात झाले.

इजिप्त: नाव शेजाऱ्याचे, घाव घरच्यांवर

या सगळ्या प्रकरणातला मोठा धडा इजिप्तचा आहे. २४ मे २०१७ ला तिथे २१ वेबसाइट्स बंद झाल्या. दहशतवादाला पाठिंबा आणि खोट्या बातम्या, असे कारण सांगितले गेले. यादीत अल जझीरा होतेच, पण मदा मस्र हेही नाव होते. मदा मस्र ही कैरोतल्या पत्रकारांनी चालवलेली स्वतंत्र वेबसाइट, कतारची नव्हे.

यादी तिथे थांबली नाही. वर्ष संपेपर्यंत बंद वेबसाइट्सचा आकडा ४०० च्या वर गेल्याची नोंद इजिप्तमधल्याच नागरी हक्क संस्थांनी केली. ह्यूमन राइट्स वॉचने सप्टेंबर २०१७ मध्ये इजिप्तच्या कोठड्यांतील छळावर अहवाल काढला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचीही वेबसाइट बंद झाली. वेबसाइट बंद करण्याचा अधिकार स्पष्टपणे देणारा सायबर कायदा आला ऑगस्ट २०१८ मध्ये. म्हणजे बंदी आधी आणि कायदा नंतर.

‘दुश्मन देशाची वेबसाइट’ बंद झाली की फारसे कुणी तक्रार करत नाही. पण त्यासाठी उभारलेली यंत्रणा तशीच राहते, आणि यादीत पुढचे नाव कुणाचे घालायचे ते लोकांना विचारून ठरत नाही.

५ जानेवारी २०२१ ला सौदीतल्या अल-उला इथे समझोता झाला आणि सरहद्द उघडली. साडेतीन वर्षांच्या दबावानंतरही अल जझीरा बंद पडले नव्हते.

आपल्याकडचे चित्र

भारतातही याचे नमुने आहेत. कारगिल युद्धाच्या वेळी, १९९९ मध्ये, विदेश संचार निगमने पाकिस्तानच्या डॉन या दैनिकाची वेबसाइट अडवली होती. पहलगामच्या भीषण हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये १६ पाकिस्तानी यूट्यूब चॅनेल्स भारतात बंद झाली. त्यात डॉन, जिओ, एआरवाय आणि समा यांची चॅनेल्स होती. ९ मे रोजी द वायर ही दिल्लीची वेबसाइटही देशात उघडेनाशी झाली आणि नंतर पुन्हा सुरू झाली.

आपल्याकडे ही बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली येते. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने हे कलम कायम ठेवले, पण बंदीची कारणे लेखी हवीत आणि तिला कोर्टात आव्हान देता येते, हेही स्पष्ट केले. अडचण अशी की, २००९ च्या नियमांनुसार हे आदेश गोपनीय ठेवले जातात. कारणच हातात नसेल तर आव्हान कशाला द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

कुटुंबांनी लक्षात ठेवण्यासारखे

– कलम ६९-अ मधली शिक्षा आदेश न पाळणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. पण मजकूर पुढे पाठवणाऱ्यावर इतर कायद्यांखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. तणावाच्या काळात ग्रुपवर व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी थांबा.

– यूएईत गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरले तर कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंड होऊ शकतो. ‘सगळेच वापरतात’ हा बचाव कोर्टात चालत नाही.

– आखातातल्या नातेवाइकांना राजकीय पोस्टमध्ये टॅग करू नका. इथे साधी वाटणारी गोष्ट तिथे त्यांची नोकरी घालवू शकते.

– वेबसाइट बंद आहे म्हणून ती खोटी ठरत नाही आणि उघडते म्हणून खरी ठरत नाही. बातमी आली की तिची शहानिशा करा, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहेच. एकच बाजू ऐकायला मिळते तेव्हा तो पाळणे सर्वांत कठीण होते, आणि गरजही तेव्हाच सर्वांत जास्त असते.