बाराशे माणसांचे ऐकणारी वार्ताहर

काळ्या अमेरिकेशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले. १९७२ मध्ये दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. त्यांच्या कवितेची, चळवळीची चर्चा आपल्या अंकांतून झाली. त्यांच्या वार्ताहरांची मात्र फारशी झाली नाही. म्हणून इझाबेल विल्करसन यांच्याविषयी लिहितो आहे.

त्यांचा जन्म १९६१ चा, वॉशिंग्टनचा. आई जॉर्जियातून आणि वडील व्हर्जिनियातून तिथे आलेले. हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र संपादित केले आणि पुढे न्यूयॉर्क टाइम्सच्या शिकागो कचेरीच्या त्या प्रमुख झाल्या. १९९३ मध्ये त्यांनी शिकागोतल्या दहा वर्षांच्या एका मुलावर लिहिले. स्वतः पोर असलेला हा मुलगा चार धाकट्या भावंडांना सांभाळत होता. या आणि त्याच वर्षीच्या महापुराच्या लेखनासाठी त्यांना १९९४ चे पुलित्झर मिळाले. पत्रकारितेत कृष्णवर्णीय स्त्रीला मिळालेले ते पहिले. दारिद्र्याचे अहवाल ढिगाने निघतात आणि त्यांत माणूस हरवतो. इथे एका पोराचे रोजचे जगणे होते.

नंतरचे काम त्याहून अवघड. १९१५ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळी माणसे दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. त्यांचे ऐकण्यासाठी विल्करसन यांनी बाराशेहून अधिक लोकांना गाठले आणि त्यांतून तिघांना निवडले. मिसिसिपीतली आयडा मे ग्लॅडनी ही कापूस वेचणारी. नवऱ्याच्या चुलतभावाला टर्की चोरल्याच्या संशयावरून अर्धमेला होईस्तोवर मारले. पक्षी पुढे आपोआप परत आले! कुटुंबाने १९३७ मध्ये गाव सोडले. फ्लोरिडाचा जॉर्ज स्टार्लिंग संत्री तोडणाऱ्यांना मजुरीसाठी संघटित करीत होता. जिवावर बेतले तेव्हा, १९४५ मध्ये, तो न्यूयॉर्कला पळाला आणि पुढे उत्तर-दक्षिण धावणाऱ्या गाड्यांवरच नोकरी करू लागला. तिसरा रॉबर्ट फॉस्टर, लुइझियानाचा डॉक्टर. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाला मोटार हाकीत निघालेल्या या शिकलेल्या माणसाला वाटेत रात्रीपुरती खोलीही मिळेना. डॉक्टरकीचा दाखला खिशात असूनही जात आडवी येते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. हा रस्ता विल्करसन यांनी स्वतः मोटारीने तुडवून पाहिला.

पंधरा वर्षे खपून लिहिलेले 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स' २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर ती तिन्ही माणसे गेलेली होती. थोडा उशीर झाला असता तर त्यांच्याबरोबर सारे गेले असते.

त्या प्रिन्स्टन, एमरी आणि बोस्टन येथील विद्यापीठांत हेच लेखन शिकवीत आल्या. २०२० च्या 'कास्ट' या ग्रंथात त्यांनी अमेरिकेतील वर्णभेदाला सरळ जात म्हटले आणि बाबासाहेबांचा आधार घेतला. त्याचे स्वागत करूनही एक तक्रार नोंदवतो. त्यांच्या स्वतःच्या समाजाची बाजू शेकडो तोंडांनी बोलते. आपला समाज तिथे मोजक्या भेटींतून आणि ग्रंथांतून येतो. पण ही तक्रार मी कोणत्या तोंडाने करू?

बाबासाहेबांनी खेडे सोडायला सांगितले होते. माझे वडील मात्र १९७२ च्या दुष्काळात पोटासाठी मुंबईला गेले. कोणत्या गाडीने गेले, पहिली रात्र कुठे काढली, गावात शेवटचे कोणाशी काय बोलले, हे मी कधीच विचारले नाही. आत्मकथनांवर व्याख्याने देत हिंडलो. घरातला म्हातारा मात्र न ऐकता गेला.

गेल्या वर्षी मी वर्गात सांगितले, घरातल्या एका वडीलधाऱ्याचे गाव सोडणे लिहून आणा. एक मुलगी तीनच ओळी घेऊन आली. आजी बोलतच नाही म्हणाली. मी तिला पुन्हा पाठवले, नुसती शेजारी बस म्हटले. दिवाळीनंतर ती आली तेव्हा दोन वह्या भरल्या होत्या, आणि आजीने तिसरी मागितली होती.